झाडणीचं पीठ

संध्याकाळी पट्टा उतरवला की
चक्कीच्या खालचं झाडून घेते.
त्यात खाड्यांची ज्वारी असते,
मास्तरीणबाईंच्या भाजणीची धूळ,
कुणाच्या बाळाची नाचणी,
आणि सकाळी दळून गेलेला हरभरा
सगळ्यांच्या अंगाला लागलेला.
हे पीठ कुणाचंच नसतं.
म्हणून ते माझं.

शमुवेलकाका शनिवारी खडकीहून येतात, स्कूटरवर.
दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर,
डाव्या हाताला साडेतीन बोटं.
म्हणतात, बाई, ती दुकानातली तयार गोळी नको,
स्ट्रॉबेरीच्या वासाची.
गोऱ्ह्याच्या सायप्रिनसनं स्ट्रॉबेरी कुठं बघितलीय?
त्याला ओळखीचं द्यावं.

ओळखीचं म्हणजे मका.
रविवारी अख्खं पुणं धरणाच्या काठाला येतं,
कणसं खातं, अर्धी पाण्यात फेकतं.
सोमवारी सकाळी मासा दाण्याची वाट बघत
काठाशी घुटमळतो.
गळाला दोनच दाणे, टोक जरा उघडं.
बुधवारपर्यंत तो मका विसरतो.
मग कणीक.

कणीक पोळीची नाही. घट्ट.
शेंगदाण्याची पेंड, गुळाचं पाणी,
हिंग नखात राहील एवढाच.
गोळी पाण्यात वीस मिनिटं टिकली पाहिजे
आणि एकविसाव्याला सुटली पाहिजे.
काही जण कापूस मिसळतात, गोळी धरून राहावी म्हणून.
मी नाही मिसळत.
सुटून गेला तर गेला,
त्याच्या पोटात कापूस कशाला.

शिंगाळ्याचं गणितच वेगळं.
तो अंधार पडल्यावर येतो, तळातून,
आठ मिशा पुढे करून.
काका सांगतात, त्याची जीभ तोंडापुरती नसते,
अख्खं अंगच जीभ.
पीठ त्याला आजाऱ्याचं जेवण वाटतं.
त्याला कोंबडीचं आतडं लागतं, दोन दिवस उन्हात ठेवलेलं,
नाहीतर दानवं, नाहीतर सुकटीचा चुरा.
एकदा काकांनी कपड्याचा साबण लावला होता, निळा,
आणि दोन किलोचा निघाला.
येशूची शपथ घेतात.
मग म्हणतात, पावणेदोन.

आतड्यांचा डबा घरात कुणी उघडत नाही.
मी उघडते.
तीन वर्षांमागच्या तापात माझा वास गेला
तो परत आला नाही.
फोडणी जळालेली धूर दिसल्यावर कळते.
कुबट गहू आला तर मुठीला कळतो, नाकाला नाही.
नवरा म्हणाला, बरंच झालं,
डबा आता तूच भर.

म्हणून आर्वीला बोलावते,
भावाची पोरगी, दुसरीतली.
झाकण काढून विचारते, कसा येतोय?
ती नाक दाबते, मग सोडते,
कामावर रुजू झाल्यासारखी.
शाळेच्या बाथरूमचा. सुट्टीनंतरचा.
म्हणजे तयार झालं.
आणि हा? – कणकेचा गोळा पुढं करते.
ती हुंगते. पुन्हा हुंगते.
हा तुझा.
माझा म्हणजे कसा गं?
तुझा म्हणजे तुझा.
तू जवळ घेतेस तेव्हा येतो तो.

काका म्हणाले, बाई, उजेड चाललाय.

सिंहगडावरच्या टॉवरचा लाल दिवा
पाण्यात लांबलचक झालाय.
मोरपिसाचा तरंग उभा.
एकदा टुचकन. परत टुचकन.
ओढायचं नाही अजून.
सायप्रिनस आधी तोंडात घेतो, थुंकतो,
बाजूला जातो, पुन्हा येतो,
नव्या गिरणीचं पीठ
बायका बोटांत चोळून बघतात तसा.

तंगूस बोटावर घेऊन बसते.
खाली गढूळात कुठंतरी
कुणीतरी मला हुंगतंय.